खुब्याच्या शस्त्रक्रियेतली किसणी, कानस आणि करवत
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

मागच्या अंकात आम्ही खुब्याचा सांधा बदलण्यावर लेख छापला. त्यात कृत्रिम सांध्याविषयी भरपूर होते, पण तो बसवण्यासाठी हाड कोरणाऱ्या हत्यारांवर एकच परिच्छेद होता. पत्रे मात्र त्याच परिच्छेदावर आली. रुग्णांच्या घरच्यांनी लिहिले, थिएटरमध्ये काम करणाऱ्यांनी लिहिले, वाळूजच्या एका टूलरूममधूनही विचारणा झाली. अस्थिरोगतज्ज्ञ, थिएटर परिचारिका आणि उपकरणनिर्मितीतील अभियंता यांनी मिळून ही उत्तरे दिली आहेत.

वडील ५४ वर्षांचे आहेत. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडलाय असे निदान झाले. डॉक्टर म्हणाले, "वाटी रीम करून कप ठोकून बसवू, सिमेंट लागणार नाही." रीम करणे म्हणजे काय? आणि सिमेंट नसेल तर कप जागेवर राहतो कसा?
— वाचक, औसा, जि. लातूर

खुबा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात उखळ आणि मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा. रीमर म्हणजे नारळाच्या अर्ध्या करवंटीसारखी पोकळ पोलादी वाटी. तिच्या पाठीवर किसणीसारखे दात असतात आणि प्रत्येक दातापुढे एक भोक. ती दांड्याला लावून पॉवर ड्रिलवर फिरवली की हाडाचा कीस भोकांतून आत, वाटीच्या पोटात जमा होतो. उखळ कोरून अर्धगोल करायची, म्हणजे धातूचा कप तिच्यात सगळीकडून टेकेल, हे रीमरचे काम.

आधी मांडीच्या हाडाची मान करवतीने कापून गोळा बाहेर काढतात आणि तो मोजतात. गोळा ४८ मिलिमीटरचा निघाला तर पहिला रीमर साधारण ४२ किंवा ४४ चा. तुमच्या वडिलांच्या आजारात गोळा पिचून चपटा झालेला असू शकतो, त्यामुळे नुसत्या त्या मापावर विसंबता येत नाही. एक्स-रेवर आदल्या दिवशी माप काढून ठेवलेले असावे. उखळीच्या काठाची मऊ किनार आणि तळातली चरबी काढल्याशिवाय रीमर घालत नाहीत, नाहीतर ती दातांत गुंडाळली जाते आणि खरा तळ दिसत नाही.

पहिला रीमर सरळ आत, तळाच्या दिशेने चालवतात. तळावर वाढलेले जादा हाड गेले की दिशा बदलायची: साधारण ४० ते ४५ अंश झुकाव आणि १५ ते २० अंश पुढे वळण. पुढचे रीमर २-२ मिलिमीटरने वाढवत नेतात, शेवटी शेवटी १-१ ने. कुठे थांबायचे ते हाडच सांगते. कूर्चा पूर्ण गेली, सगळीकडून टेकण आली आणि हाडावर रक्ताचे बारीक ठिपके उमटू लागले की पुरे. त्यापुढे गेले तर कूर्चेखालचा टणक थर संपतो आणि आतले स्पंजासारखे मऊ हाड लागते. त्यात कपाला पकड मिळत नाही.

आता सिमेंटचे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो, तापवून चढवतो, आणि थंड झाली की ती चाक आवळून धरते. इथे तत्त्व तेच, पण तापवणे नाही. उखळ ५१ ची कोरायची आणि ५२ चा कप ठोकायचा. हाड किंचित ताणले जाते आणि कपाला काठावर चिमटून धरते. कपाची पाठ खरबरीत टायटॅनियमची असते. पुढच्या काही आठवड्यांत त्या खाचांत हाड वाढते आणि कप कायमचा धरला जातो. मात्र तोवर कप हलता कामा नये. ही हालचाल १५० मायक्रॉनच्या, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीच्या, पुढे गेली तर हाडाऐवजी तंतूंचा पडदा वाढतो आणि कप सैल राहतो. म्हणूनच कोरलेला गोल खरोखर गोल हवा. दांडा जखमेच्या काठाला किंवा मांडीच्या हाडाला टेकून एका बाजूला रेटला गेला की रीमर पुढच्या पातळ भिंतीकडे सरकतो, उखळ लंबगोल होते, आणि मग कप दोन ठिकाणी टेकतो व बाकी मोकळा राहतो. पकड कमी वाटली तर स्क्रू घालतात. त्यात काही चुकले असे समजू नका.

आमच्याकडे रीमर आणि ब्रोचवर (मांडीच्या हाडाची पोकळी कोरणारी कानस) पांढरे-पिवळे डाग पडतात, काहींवर तांबूस ठिपके आलेत. ऑपरेशननंतर आम्ही हायपोक्लोराइटमध्ये बुडवतो, मग बोअरच्या पाण्याने धुतो आणि ऑटोक्लेव्ह करतो. चुकते कुठे?
— थिएटर परिचारिका, परभणी

ताई, दोन गोष्टी बदला, बाकी घासणे तुमचे चांगलेच असणार.

पहिली, हायपोक्लोराइट. क्लोरीन स्टेनलेस स्टीलचा वरचा संरक्षक थर फोडतो आणि त्याखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. तुमचे तांबूस ठिपके तेच. कापणाऱ्या हत्यारांचे पोलाद धार टिकावी म्हणून कडक केलेले असते, आणि असे पोलाद हाडाला लावायच्या प्लेटच्या पोलादापेक्षा लवकर गंजते. खड्डा धारेवर पडला की तो दात गेला. सलाइनचेही तसेच आहे. हत्यारे सलाइनच्या वाडग्यात पडून राहू देऊ नका. ऑपरेशन चालू असतानाच स्क्रब नर्सने प्रत्येक रीमरचा कीस काढून तो निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या कपड्याने पुसला तर निम्मे काम तिथेच होते.

दुसरी, पाणी. मराठवाड्यात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पिण्यासाठी चालणारे पाणी हत्यारांच्या शेवटच्या धुण्याला चालत नाही. त्यातले क्षार वाफेच्या उष्णतेने धातूवर बसतात. पांढरा थर तोच, आणि ऑटोक्लेव्हच्या हीटरवरही तोच जमतो. शेवटचे धुणे आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने करा आणि ऑटोक्लेव्हच्या टाकीतही तेच पाणी भरा. पाणीटंचाईच्या महिन्यांत हे जास्त पाळावे लागते, कारण तेव्हा बोअर खोल जातो, टँकर येतो आणि पाण्याचा भरवसा राहत नाही. शेवटच्या धुण्यापुरते आरओचे पाणी कॅनमध्ये राखून ठेवले तर एका सेटला थोडक्यात भागते.

क्रम असा ठेवा. थिएटरमधून आले की आधी थंड पाणी. गरम पाण्याने रक्तातले प्रथिन दातांवर शिजून चिकटते. मग रीमर दांड्यापासून काढा आणि दांड्याचे जे भाग सुटतात तेही सोडवा. एन्झाइमचे द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात, कोमट पाण्यात, ५ ते १० मिनिटे. नायलॉनच्या ब्रशने पाण्याखालीच घासा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. रीमरची भोके आतल्या बाजूनेही घासायची. कीस तिथेच अडकतो आणि बाहेरून दिसत नाही. लोखंडी ब्रश नको. मग अल्ट्रासोनिकमध्ये १० मिनिटे, धुणे, शेवटी आरओ, आणि पूर्ण कोरडे करणे. ओलसर रीमर कधी गुंडाळू नका. वाकवलेल्या दांड्यांत आतून नळी आणि सांधे असतात, तिथे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकून पाहा. फेस आला तर आत अजून रक्त आहे.

ऑटोक्लेव्हमध्ये रीमरची वाटी पालथी ठेवा, उताणी ठेवली तर पाणी साठते. हत्यार पोकळ आणि कपड्यात गुंडाळलेले, म्हणून प्री-व्हॅक्यूम, म्हणजे आधी आतली हवा ओढून काढणारे, मशीन हवे. १३४ अंशांवर किमान ३-४ मिनिटे आणि त्यानंतर पूर्ण वाळवणे. जुन्या साध्या मशीनमध्ये हवा आतून निघत नाही. ट्रेचे वजन ११ किलोच्या वर जाऊ देऊ नका, एका सेटचे दोन ट्रे करा. प्रत्येक ट्रेच्या मध्यभागी केमिकल इंडिकेटर ठेवायला विसरू नका.

आणखी एक. खुब्याचा सेट बहुतेक लहान रुग्णालयांत वितरकाकडून येतो आणि काम झाले की दुसऱ्या गावी जातो. तो ऑपरेशनच्या किमान एक दिवस आधी मागवा आणि कागदावर "निर्जंतुक" लिहिले असले तरी आपल्या हाताने पुन्हा धुऊन ऑटोक्लेव्ह करा. मागच्या गावात तो कशात बुडवला होता हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. सकाळी सेट यायचा आणि दुपारी ऑपरेशन, ही घाई रुग्णाच्या अंगावर येते. तिला ठाम नकार द्यावा, वरिष्ठांनाही.

माझी वाळूज एमआयडीसीत टूल रीग्राइंडिंगची शॉप आहे. रीमर, ब्रोच आम्ही रोज धार लावतो. हाडाचे रीमर बोथट झाले की रुग्णालये फेकून देतात किंवा तसेच वापरतात असे कळले. आम्ही धार लावून देऊ शकतो का?
— टूलरूम चालक, छत्रपती संभाजीनगर

तुमच्यासारख्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचा आनंद झाला. उखळीच्या रीमरबाबत उत्तर मात्र "नाही" आहे, आणि कारण तुम्हाला दोन वाक्यांत पटेल. हा रीमर भरीव नसतो. पातळ स्टेनलेसचा पत्रा ओढून अर्धगोल करतात, भोके पाडतात आणि भोकाची एक कड उचलून दात करतात. दाताची उंची हाच व्यासाचा भाग. तुम्ही दात प्रत्येक बाजूला ०.२ मिलिमीटर घासलेत तर ५१ चा रीमर ५०.६ चा झाला. सर्जन ५१ समजून ५२ चा कप ठोकणार, म्हणजे १ ऐवजी १.४ मिलिमीटरचा प्रेस फिट (दाबून बसवण्याचा फरक). टणक हाडात कप तळाला टेकणार नाही किंवा उखळीचा काठ चिरेल. जुन्या पद्धतीच्या भरीव, पाकळ्यांच्या रीमरला धार लावता येते, पण व्यास तिथेही घटतो.

ब्रोच हा शब्द तुमचाच, पण काम वेगळे. तुमचा ब्रोच एकदा ओढला की दातांच्या चढत्या उंचीने खाच पूर्ण होते. हाडाचा ब्रोच एकाच घडणीचा, चढत्या नंबरांत येतो आणि हातोड्याने ठोकत पोकळीत नेला जातो. त्याचा आकार पुढे त्या पोकळीत बसणाऱ्या स्टेमसारखाच (कृत्रिम सांध्याचा मांडीतला खुंट) असतो. काही ब्रोचचे दात हाड कापून बाहेर काढतात, काहींचे बोथट दात मऊ हाड दाबून घट्ट करतात. दुसऱ्या प्रकाराला धार लावली तर त्याचा हेतूच गेला. पोलाद बहुतेक १७-४ पीएच, साधारण ४० ते ४४ रॉकवेल सी. करवतीच्या पात्यांसारखे कडक भाग ४२० च्या जातीचे, ५० च्या आसपास. धार लावताना निळे पडले की कडकपणा आणि गंजविरोध दोन्ही जातात, शिवाय नंतर पॅसिव्हेशन, म्हणजे संरक्षक थर पुन्हा चढवणे, करावे लागते.

कायदाही पाहा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार उपकरणे धोक्याप्रमाणे अ, ब, क, ड वर्गांत मोडतात. अ आणि ब वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून या वर्गांनाही परवाना सक्तीचा झाला; अ वर्गातल्या निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या उपकरणांना मात्र नोंदणी पुरते. रुग्णाच्या हाडात जाणाऱ्या हत्याराचे माप बदलून परत देणे हे साधे जॉबवर्क नाही. या क्षेत्रात उतरायचे असेल तर आयएसओ १३४८५ ची गुणवत्ता पद्धती उभारून निर्मितीकडे या, दुरुस्तीकडे नको.

तुमचे हात मात्र दुसरीकडे फार उपयोगी आहेत. मापे तपासण्याची साधी सोय रुग्णालयांत सहसा नसते. ४० ते ६० मिलिमीटरच्या गो आणि नो-गो रिंग करून द्या. रीमर रुग्णाजवळ जाण्याआधी रिंगमध्ये फिरवून पाहिला की तो वाकला आहे का, दबला आहे का ते कळते. सेट गावोगाव फिरतो, ट्रे पडतो, पत्र्याचा अर्धगोल एका बाजूने बसतो आणि डोळ्यांना पत्ता लागत नाही. दांड्याचा रनआउट (फिरताना होणारा डगमग) तपासायला डायल गेज आणि व्ही-ब्लॉक पुरे. बोथट धार ओळखायची तुमची पद्धत परिचारिकांना शिकवा: दहा पट भिंग, एका बाजूने दिवा. धार तीक्ष्ण असेल तर तिच्यावर उजेड दिसत नाही, बोथट असेल तर पांढरी रेघ चमकते. कोणत्या क्रमांकाचा रीमर किती ऑपरेशनांत वापरला याची वहीही ठेवायला सांगा. वाळूज-चिकलठाण्यात यंत्रावरच्या प्रत्येक इन्सर्टचे (कापणाऱ्या टोकाचे) आयुष्य लिहिले जाते, हाडाच्या रीमरचे लिहिले जात नाही. आम्हाला हे खटकते.

बोथट रीमरने इतके काय बिघडते? थोडे जास्त दाबले की काम होतेच.
— ओटी टेक्निशियन, धाराशिव

होते, पण हाड भाजून. हाड ४७ अंश सेल्सियसला एक मिनिट राहिले तरी त्याच्या पेशींना इजा होते, हे १९८३ साली एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी दाखवले. तीक्ष्ण दात हाडाची चिपळी काढतो आणि उष्णता तिच्यासोबत निघून जाते. बोथट दात घासतो, उष्णता हाडात मुरते आणि ज्या थरात कप धरायचा तोच थर मरतो. खुणा तुम्हाला ओळखीच्या असतील: ओल्या किसाऐवजी पीठ निघते, जळका वास येतो, रीमर एका जागी घसरत राहतो. दाब वाढवला की तो अचानक खाली बसतो आणि तळाची पातळ भिंत फुटू शकते. रीमरला वेग नको, फिरवण्याची ताकद हवी. ड्रिलचा जोड हजारच्या पुढे फिरतो, रीमिंगचा जोड मिनिटाला अडीचशे-तीनशे फेऱ्यांच्या आसपास. चुकीचा जोड लावलेला हँडपीस हातात देऊ नका. करवतीचे पाते प्रत्येक रुग्णाला नवे घ्या आणि कापताना सलाइनची धार चालू ठेवा.

ब्रोच करताना शेवटचा नंबर कोणता हे कसे ओळखायचे? ब्रोच अडकला किंवा हाड चिरले तर?
— ऑर्थोचा पदव्युत्तर विद्यार्थी, अंबाजोगाई

मानेचा कट लेसर ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा लहान उंचवटा) वर १ ते १.५ सेंटिमीटर, टेम्प्लेटवर, म्हणजे एक्स-रेवर आधी काढलेल्या मापावर, ठरवला तेवढा. पुढचे अर्धे यश बॉक्स ऑस्टिओटोम (पोकळीचे तोंड उघडणारी चौकोनी छिन्नी) कुठे लागतो यावर आहे. तो बाहेरच्या आणि मागच्या बाजूला लावा. आत लावलात तर सगळे ब्रोच तिरके, व्हॅरसमध्ये (टोक बाहेरच्या बाजूला कललेले) जातात, लहान नंबरच घट्ट वाटतो आणि तुम्ही लहान स्टेम घालून बसता. काही महिन्यांनी तो खाली सरकतो. म्हणून ग्रेटर ट्रोकँटरच्या (बाहेरचा मोठा उंचवटा) आतली बाजू लॅटरल रास्पने (बाजूची कानस) मोकळी करा आणि कॅनाल फाइंडर (पोकळी शोधणारी सळई) सहज खाली जातो का ते पाहा.

सगळ्यात लहान नंबरपासून सुरुवात करा आणि एकही नंबर वगळू नका. प्रत्येक ब्रोचचे वळण सारखे, साधारण १० ते १५ अंश पुढे. ठोके एकसारखे, मधेच थांबून पाहणे. शेवटच्या नंबराच्या तीन खुणा आहेत आणि तिन्ही हव्यात. एकसारख्या तीन-चार ठोक्यांत ब्रोच पुढे सरकत नाही. आवाज भरीव होऊन उंच स्वरात जातो. आणि हँडल पिळले तर ब्रोच नव्हे, अख्खी मांडी फिरते. नुसत्या आवाजावर जाऊ नका, मऊ हाडात तो फसवतो. शेवटचा ब्रोच टेम्प्लेटपेक्षा दोन नंबर लहान ठरत असेल तर आधी व्हॅरस तपासा. सी-आर्म (थिएटरमधले एक्स-रे यंत्र) जवळ असेल तर एक फोटो घ्या.

ब्रोच अडकला की पुढे ठोकू नका. बहुतेक वेळा दात किसाने भरलेले असतात. उलट्या हातोड्याने सरळ रेषेत काढा, डावीकडे-उजवीकडे हलवून नको, कारण त्याने पोकळी रुंद होते. दात ब्रशने साफ करून तोच नंबर पुन्हा घाला.

चीर पडते तेव्हा बहुतेकदा न सरकणारा ब्रोच एका ठोक्यात सहज खाली जातो, आणि आवाज बसतो. थांबा आणि कॅल्कार, म्हणजे मानेखालच्या आतल्या बाजूचे जाड हाड, रक्त पुसून उघडे पाहा. चीर दिसली तर ब्रोच काढा, तिचे खालचे टोक शोधा, लेसर ट्रोकँटरच्या वर आणि गरज असेल तर खालीही सर्क्लाज (हाडाभोवती आवळायची) वायर किंवा केबल घाला, मग स्टेम बसवा. लपवून ठेवलेली चीर पहिल्या आठवड्यात चालताना उघडते. डॉर वर्गीकरणातल्या क प्रकाराच्या हाडात, म्हणजे वयस्कर बायकांच्या पातळ भिंतीच्या, नळकांड्यासारख्या पोकळीत, सिमेंटचा पर्याय टेबलावर तयार ठेवा. सिमेंटच्या स्टेमसाठी बऱ्याच सिस्टिममध्ये ब्रोच स्टेमपेक्षा मुद्दाम मोठा असतो, म्हणजे भोवती सुमारे २ मिलिमीटर सिमेंट राहते. म्हणूनच एका कंपनीचा ब्रोच आणि दुसऱ्या कंपनीचा स्टेम असे कधीही जुळवू नका. ट्रेमध्ये मिसळलेले ब्रोच आढळले तर ऑपरेशन सुरू होण्याआधी सेट परत करा.

रीमरमध्ये निघालेले हाड फेकून देतात का?
— वाचक, वसमत, जि. हिंगोली

फेकायचे नसते. तो रुग्णाचा स्वतःचा, जिवंत पेशींचा कीस आहे. उखळीच्या तळात खड्डा असेल तर तो त्यात भरून लहान रीमर उलटा फिरवून दाबतात. आणि क्षयाची शंका असेल तर तोच कीस तपासणीला पाठवतात. आपल्याकडे खुब्याचा क्षय अजून दिसतो, त्यामुळे हे पाठवणे राहू नये.

किनवट भागात आमच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड आहे. आईची हाडे एक्स-रेत पांढरीफेक दिसतात. तिचा खुबा बदलता येईल का?
— वाचक, जि. नांदेड

बदलता येतो, पण तयारी जास्त लागते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत ते याहून जास्त आढळते. वर्षानुवर्षे असे पाणी पिऊन हाड दाट होते, पण ते दाट म्हणजे मजबूत नव्हे. ते ठिसूळ होते, आतली पोकळी अरुंद होते, स्नायूंचे बंध हाडाळतात आणि सांधा आखडतो.

अशा हाडात करवत अडते, रीमर तापतो, ब्रोच पुढे जात नाही आणि जोर केला की चिरते. आईच्या डॉक्टरांना गावच्या पाण्याचे आधीच सांगा, शक्य असेल तर पाण्याचा तपासणी अहवाल दाखवा. त्यांना नवे रीमर, करवतीची जादा पाती, लहान नंबरांचे ब्रोच, पोकळी उघडायला ड्रिल आणि हाय-स्पीड बर (वेगाने फिरणारे कोरणीचे टोक) असे सगळे मागवून ठेवावे लागेल. उखळ १ मिलिमीटर लहान न ठेवता कपाच्या मापाचीच कोरून स्क्रू घालणे अशा हाडात बहुधा जास्त सुरक्षित. बायकांच्या खुब्याला ४४ ते ५० चा कप बऱ्याचदा बसतो, म्हणून ३८-४० पासूनचे लहान रीमर सेटमध्ये आहेत का हे आवर्जून विचारा. वितरकाचा सेट पुष्कळदा ४४ पासूनच सुरू होतो.

रोबोट असेल तर हे सगळे टळते का?
— वाचक, जालना

काही टळते. १९९२ साली अमेरिकेत रोबोडॉक या यंत्राने पहिल्यांदा माणसाच्या मांडीच्या हाडातली पोकळी स्वतः कोरली. आता जास्त वापरात असलेल्या यंत्रांत सीटी स्कॅनवरून आराखडा करतात, रोबोटचा हात रीमरची दिशा आणि खोली धरून ठेवतो आणि ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. त्याने दिशा अचूक येते आणि कमी रीमरमध्ये काम होते. पण ब्रोच बहुतेक ठिकाणी हातानेच ठोकला जातो, आणि रोबोटच्या टोकाला लावलेला रीमरही पत्र्याचाच असतो. तो बोथट असेल तर हाड तितकेच तापते.

चुलत्याचा खुबा बारा वर्षांपूर्वी बदलला होता. आता कप सैल झालाय आणि पुन्हा ऑपरेशन सांगितलेय. जुना कप काढताना हाड फुटणार नाही ना?
— वाचक, केज, जि. बीड

कप पूर्ण सैल असेल तर तो बऱ्याचदा सहज निघतो. अवघड असते ते अर्धवट धरलेल्या कपाचे. त्यासाठी कपाच्या बाहेरच्या व्यासाएवढी वाकलेली पाती मिळतात. कपाच्या मध्यात गोळा बसवून त्याभोवती पाते फिरवतात, आधी आखूड, मग लांब, म्हणजे ते कपाच्या पाठीला घासून जाते आणि हाड थोडेच जाते. यासाठी जुन्या कपाचे नेमके माप माहीत हवे. पूर्वी छिन्न्यांनी कप उचकटायचे तेव्हा मागची भिंतच सोबत यायची. मांडीतला स्टेमही काढायचा असेल तर बारीक बर, लवचिक ऑस्टिओटोम (हाडाची छिन्नी) आणि गिग्ली वायर (तारेची करवत) लागते. तो फारच घट्ट असेल तर मांडीच्या हाडाची बाहेरची पट्टी झडपेसारखी उघडून काम करतात आणि नंतर केबलने बांधतात. सिमेंट असेल तर ते काढायला वेगळा संच लागतो. नवा कप जुन्यापेक्षा काही मिलिमीटर मोठा लागतो, त्यामुळे मोठ्या मापाचे रीमरही मागवावे लागतात.

तुम्ही एक काम लगेच करा. बारा वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर किंवा त्याच्या मागे कप, लाइनर (कपातले अस्तर), हेड (कृत्रिम गोळा) आणि स्टेमचे स्टिकर चिकटवलेले असतात, कंपनी, माप आणि लॉट नंबरासकट. कार्ड हरवले असेल तर त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात ऑपरेशनच्या महिन्यासह लेखी अर्ज करून ऑपरेशन नोट मागा. तेही न मिळाल्यास जुना एक्स-रे तरी घेऊन जा. त्या मापावरच कोणती पाती आणि कोणत्या कंपनीचे स्क्रू-ड्रायव्हर मागवायचे ते ठरते, आणि हा संच दुसऱ्या शहरातून यायला दिवस लागतात.